कर्णशंबुक-रोपण

अंतर्कर्णातील ध्वनिसंवेदी केशकोशिका निकामी झाल्यामुळे तीव्र वा संपूर्ण बहिरेपणा आला असता, त्या कोशिकांना वगळून श्रवण तंत्रिकेस (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यास) विद्युत् स्पंदांनी प्रत्यक्ष उद्दीपित करणारे उपकरण शस्त्रक्रियेने कानात बसविणे, यास कर्णशंबुक-रोपण म्हणतात. ‘कॉक्लिअर इंप्लांट’ या नावानेही ते मराठीत परिचित आहे. नेहमीचे श्रवणयंत्र ध्वनी मोठा करून कानात सोडते. तो ग्रहण करण्यास काही केशकोशिका शिल्लक असाव्या लागतात. त्या जवळजवळ नसतीलच, तर ध्वनी कितीही मोठा केला तरी उपयोग होत नाही. रोपण-उपकरण ध्वनी मोठा करीत नाही, तर केशकोशिकांचे काम स्वतःच्या अंगावर घेते. मानवी ज्ञानेंद्रियाच्या जागी कृत्रिम साधन योजून त्याने व्यवहारात यश मिळविल्याचे हे पहिले उदाहरण होय. मात्र साडेतीन हजार कोशिकांचे काम वीस-बावीस धातूच्या ठिपक्यांनी कसे भागते, हा प्रश्न अनेक वर्षे तज्ञांनाही पडलेला होता. त्याचे उत्तर काही अंशी कानात, काही अंशी भाषेच्या स्वरूपात आणि बऱ्याच अंशी मेंदूत आहे (पहा : कान, बहिरेपणा).

केशकोशिकांची रचना व कार्य : अंतर्कर्णाचा ऐकण्याशी संबंधित भाग गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असल्याने त्यास कर्णशंबुक हे नाव मिळाले आहे. त्याचे सु. अडीच ते पावणेतीन वेढे असतात आणि ते उलगडून सरळ केले, तर लांबी सु. ३५ मिमी. भरते. आतील पोकळी द्रवाने भरलेली असून तिच्या लांबीभर आधारपटल नावाचा पडदा ताणलेला असतो. या पटलावरील संवेदी इंद्रियाचे वर्णन इटालियन शारीरविज्ञ आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये केले. त्यावरून त्यास कोर्ती इंद्रिय म्हणतात. त्यात केशकोशिकांची एक आतील ओळ व साधारणपणे तीन बाहेरील ओळी असतात. मानवाच्या एका कानात आतील केशकोशिका सु. ३,५०० व बाहेरील सु. १२,००० असतात. डोळ्यातील प्रकाशसंवेदी कोशिका कोट्यवधी असतात, हे लक्षात घेता कानाची ही पुंजी फारच तुटपुंजी आहे.

ध्वनीमुळे मध्यकर्णातील लहान हाडे हलतात व त्यांच्यामार्फत द्रवात तरंग निर्माण होतो. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेओर्क फोन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कर्णशंबुकांचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून असे दाखविले की, हा तरंग आधारपटलावरून प्रवास करीत जातो आणि ध्वनीच्या कंप्रतेनुसार (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येनुसार) पटलाच्या ठराविक जागी सर्वांत उंच होतो. उच्च कंप्रतेचे ध्वनी कर्णशंबुकाच्या पायथ्याशी, तर नीच कंप्रतेचे ध्वनी शिखराकडे उमटतात. या कार्याबद्दल बेकेशी यांना १९६१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कंप्रतेची अशी जागांवर झालेली वाटणी हाच पुढे रोपण-उपकरणाचा पाया ठरला.

प्रत्येक केशकोशिकेच्या माथ्यावर पायऱ्यांप्रमाणे चढत्या उंचीच्या सूक्ष्म रोमांचा झुबका असतो. पटल हलले की झुबका एका बाजूस कलतो. आखूड रोमाचे टोक शेजारच्या उंच रोमाशी अतिशय बारीक तंतूने जोडलेले असते. तो ताणला जाताच रोमातील सूक्ष्म द्वार उघडते व भोवतालच्या द्रवातील पोटॅशियम आयन (विद्युत् भारित अणू) आत शिरतात. परिणामी कोशिकेचे विद्युत् वर्चस् बदलते आणि तिच्या तळाशी रासायनिक द्रव्य स्रवून तंत्रिका उद्दीपित होते. जेम्स हड्स्पेथ व डेव्हिड कोरी यांनी १९७७ मध्ये बेडकाच्या अंतर्कर्णातील कोशिकेचा झुबका काचेच्या बारीक सुईने हलवून हा विद्युत् प्रतिसाद प्रत्यक्ष मोजला. रोमांना जोडणाऱ्या तंतूंचे वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. अगदी मंद आवाजाने झुबका सु. एक नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) किंवा त्याहूनही कमी हलतो, तरीही कान त्याची दखल घेतो.

आतील व बाहेरील कोशिकांची कामे मात्र वेगळी आहेत. मेंदूकडे वार्ता नेणारे बहुतेक सर्व तंतू आतील कोशिकांपासून निघतात. मग संख्येने तिपटीहून अधिक असलेल्या बाहेरील कोशिका कशासाठी, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. टॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये असे सुचविले होते की, कान हा केवळ ग्रहण करणारा नसून तो आलेल्या कंपनांत स्वतःची ऊर्जा घालीत असावा. त्या वेळी या कल्पनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केंप यांना निरोगी कानातून बाहेर येणारे क्षीण ध्वनी संवेदनशील ध्वनिग्राहकाने नोंदविता आले आणि १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, विद्युत् उद्दीपनाने बाहेरील केशकोशिका प्रत्यक्ष आखूड व लांब होतात. अशा रीतीने त्या पटलाचे हेलकावे वाढवितात व कानाला सूक्ष्म भेद कळू लागतात. केंप यांच्या शोधाचा व्यावहारिक उपयोगही झाला. नवजात अर्भकाच्या कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत केली जाणारी श्रवणचाचणी याच क्षीण ध्वनींवर आधारलेली आहे.

कोशिकांचा नाश : सस्तन प्राण्यांत केशकोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. जन्माबरोबर मिळालेल्या पुंजीवरच आयुष्यभर निभावावे लागते. मोठ्या आवाजाचा दीर्घकाळ संपर्क, वार्धक्य, मेंदूच्या आवरणाचा दाह, गर्भावस्थेत मातेस झालेला रूबेला, स्ट्रेप्टोमायसीन व कानामायसीन यांसारखी क्षयरोगावरील प्रतिजैव औषधे, कर्करोगावरील सिसप्लॅटिन ही हानीची नेहमीची कारणे होत. आनुवंशिक कारणेही महत्त्वाची आहेत. १९९७ मध्ये ओळखल्या गेलेल्या कनेक्सिन-२६ या प्रथिनाच्या जनुकातील दोष जगभर जन्मजात बहिरेपणाचे एक प्रमुख कारण आहे. उच्च कंप्रतेचे ध्वनी घेणाऱ्या पायथ्याकडील कोशिका बहुधा प्रथम बळी पडतात. त्यामुळे वयस्कर व्यक्तीस बोलणे ऐकू येते, पण ‘साल’ व ‘शाल’ यांतील फरक नीट उमगत नाही.

बहुसंख्य रुग्णांत केशकोशिका गेल्या तरी श्रवण तंत्रिकेचे बरेच तंतू दीर्घकाळ जिवंत राहतात. हे तसे नसते, तर कर्णशंबुक-रोपण शक्यच झाले नसते.

इतिहास : कानाला विद्युत् देऊन पाहण्याचा पहिला प्रयोग आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी स्वतःवरच केला. स्वतः शोधलेल्या विद्युत् घटमालेची टोके धातूच्या सळ्यांमार्फत दोन्ही कानांत घातल्यावर त्यांना डोक्यात धक्का बसला व दाट रस्सा उकळत असल्यासारखा आवाज जाणवला. १८०० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. प्रयोग पुन्हा करण्याची त्यांची इच्छा झाली नाही.

आधुनिक प्रयत्न १९५७ मध्ये पॅरिस येथे आंद्रे जूर्नो व शार्ल एर्यिएस यांनी केला. पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या श्रवण तंत्रिकेजवळ त्यांनी विद्युत् अग्र व लहान वेटोळे बसविले. रुग्णास बोलण्याची लय कळू लागली, काही थोडे शब्दही ओळखता आले. परंतु उपकरण टिकले नाही. या कामाची वार्ता कळल्यावर लॉस अँजेल्स येथील शल्यचिकित्सक विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये रोपणे केली. त्या वेळचे साहित्य शरीरास मानवणारे नसल्याने ती लवकरच काढावी लागली. हाउस यांनी नेट सोडला नाही. त्यांचे एकच विद्युत् अग्र असलेले उपकरण १९७० नंतरच्या दशकात अनेक रुग्णांना बसविण्यात आले व १९८४ मध्ये त्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

शास्त्रज्ञांचा मोठा वर्ग या काळात साशंक होता आणि त्यांची शंका निराधार नव्हती. हजारो तंतूंतील नाजूक वाटणी एका तारेने कशी साधणार, असा त्यांचा आक्षेप होता. अमेरिकी शासनाच्या आरोग्य संस्थेने एकमार्गी उपकरण बसविलेल्या १३ रुग्णांची त्रयस्थ तपासणी करविली. तिचा अहवाल १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ उपकरणाच्या आधारे रुग्णांना बोलणे समजत नव्हते. पण ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्यास त्याची चांगली मदत होत होती व रुग्णांचे स्वतःचे उच्चारही सुधारले होते. याचे कारण मराठी शब्दांवरूनही ध्यानात येईल. ‘पार’, ‘बार’, ‘भार’ व ‘मार’ हे चारही शब्द उच्चारताना ओठ सारखेच मिटतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते वेगळे काढता येत नाहीत. कंठातील घोष केव्हा सुरू झाला एवढे जरी कानाला कळले, तरी ‘पार’ बाजूला पडतो. या अहवालानंतर संशोधनास प्रतिष्ठा व निधी दोन्ही मिळू लागले.

अनेक अग्रे असलेली उपकरणे याच सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सिद्ध झाली. व्हिएन्ना येथे इंगेबोर्ग व एर्व्हिन होखमायर या अभियंता दांपत्याने बनविलेले उपकरण डिसेंबर १९७७ मध्ये बसविण्यात आले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न विद्यापीठातील ग्रेअम क्लार्क यांनी १ ऑगस्ट १९७८ रोजी आपले पहिले बहुमार्गी रोपण केले. क्लार्क यांचे औषधविक्रेते वडील बहिरे होते व दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची होणारी कुचंबणा क्लार्क यांनी लहानपणापासून पाहिली होती. कर्णशंबुकाच्या वळणांतून तारांचा जुडगा इजा न करता कसा सरकवावा, ही त्यांची मोठी अडचण होती. समुद्रकिनारी एका शिंपल्याच्या वळणांत गवताची पाती घालून पाहताना त्यांच्या लक्षात आले की, टोकाशी लवचीक व बुंध्याशी क्रमाक्रमाने ताठर होत जाणारी पाती सर्वांत खोल जाते. जुडग्याची घडण त्यांनी याच तत्त्वावर केली. त्यांच्या २२ अग्रांच्या उपकरणास अमेरिकेत १९८५ मध्ये प्रौढांसाठी व १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी मान्यता मिळाली.

रचना व कार्यपद्धती : उपकरणाचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे वापरतात. त्यात ध्वनिग्राहक, ध्वनीचे पृथक्करण करणारा वाक्-संस्कारक, विद्युत् घट व प्रेषक वेटोळे यांचा समावेश होतो. आतला भाग कानामागील हाडात केलेल्या खोबणीत त्वचेखाली बसवितात. वेटोळे व आतील ग्राही चुंबकांच्या साहाय्याने त्वचेच्या दोन बाजूंस एकमेकांना चिकटून राहतात आणि संदेश व ऊर्जा या दोन्ही गोष्टी रेडिओ तरंगांच्या रूपाने आत जातात. त्वचेतून तार बाहेर काढावी लागत नाही. आतल्या ग्राहीपासून निघालेली अग्रमाला कर्णशंबुकाच्या गोल गवाक्षातून अथवा त्याजवळ पाडलेल्या छिद्रातून आत सरकवितात. अग्रांची संख्या उत्पादकानुसार साधारणतः १२ ते २२ असते.

वाक्-संस्कारक आलेल्या ध्वनीचे कंप्रतेनुसार पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्यातील जोराचा चढउतार मोजतो व त्या प्रमाणात संबंधित अग्राला विद्युत् स्पंद पाठवितो. उच्च कंप्रतेचे पट्टे पायथ्याकडील अग्रांना व नीच कंप्रतेचे पट्टे आतील अग्रांना नेमून दिलेले असतात. सुरुवातीस एक गंभीर दोष होता. कर्णशंबुकातील द्रव विद्युत् संवाहक असल्याने एकाच वेळी दोन अग्रांना विद्युत् दिल्यास प्रवाह एकमेकांत मिसळतात. अमेरिकन अभियंता ब्लेक विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अग्रांना एकामागून एक, परंतु अतिशय त्वरेने स्पंद दिले जातात. कोणत्याही क्षणी एकच अग्र कार्यरत असते. या साध्या वाटणाऱ्या बदलाने अनेक रुग्णांना ओठांकडे न पाहता, दूरध्वनीवरही, बोलणे समजू लागले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पारितोषिक विभागून देण्यात आले.

इतकी थोडी माहिती पुरेशी का ठरते, याचा उलगडा १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन व सहकारी यांच्या प्रयोगाने झाला. त्यांनी बोलण्यातील कंप्रतेचे बारकावे काढून टाकून केवळ तीन-चार पट्ट्यांतील जोराचा चढउतार राखला आणि तो खरखरीच्या रूपात निरोगी कानाच्या व्यक्तींना ऐकविला. थोड्या सरावानंतर त्यांना वाक्ये चांगली समजली. भाषेत आवश्यकतेहून कितीतरी अधिक खुणा असतात. त्यांतल्या बऱ्याच गळाल्या, तरी मेंदू उरलेल्यांवरून अर्थ लावतो. संगीताचे तसे नाही. स्वराची उंची ठरविण्यास कंप्रतेचे सूक्ष्म ज्ञान लागते व ते या उपकरणाने फारसे मिळत नाही. ताल कळतो, पण राग ओळखणे कठीण जाते. गोंगाटात एका व्यक्तीचे बोलणे वेगळे काढणेही अवघड जाते. ज्यांच्या नीच कंप्रतेच्या कोशिका शाबूत आहेत, अशांच्या बाबतीत अग्रमाला थोडीच आत घालून त्याच कानात रोपण व श्रवणयंत्र या दोहोंचा मेळ घालतात.

शस्त्रक्रिया व नंतरचे प्रशिक्षण : शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन करतात व तीस साधारणतः दोन ते तीन तास लागतात. चेहऱ्याच्या स्नायूंकडे जाणारी तंत्रिका अगदी जवळून जात असल्याने तीस जपावे लागते. रोपणानंतर मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याचा अल्प धोका २००२ च्या सुमारास लक्षात आल्यामुळे प्रतिबंधक लस देण्याची प्रथा पडली. उलट, असा दाह होऊनच बहिरेपणा आला असेल, तर कर्णशंबुकात हाड वाढून पोकळी बुजण्यापूर्वी रोपण त्वरेने करणे भाग असते. जखम भरून आल्यावर बाहेरचा भाग जोडून प्रत्येक अग्राची पातळी रुग्णास सोसेल अशी ठरवितात.

या दिवशी रुग्ण ‘ऐकू लागतो’ अशी सामान्य समजूत आहे, पण ती बरोबर नव्हे. भाषा आत्मसात केल्यावर बहिऱ्या झालेल्या प्रौढास पहिले आवाज यांत्रिक किंवा चिवचिवाटासारखे वाटतात व त्यांची जुन्या स्मृतीशी सांगड घालण्यास काही आठवडे ते महिने लागतात. जन्मतः बहिऱ्या बालकाजवळ अशी स्मृतीच नसते. त्याला प्रत्येक आवाजाचा अर्थ नव्याने शिकावा लागतो व ते शिकण्यास मेंदूचा काळ मर्यादित असतो. ॲनू शर्मा व सहकारी यांनी २००२ मध्ये मेंदूच्या विद्युत् प्रतिसादांच्या मापनावरून दाखविले की, सु. साडेतीन वर्षांपूर्वी रोपण झालेल्या मुलांत श्रवणविषयक मस्तिष्कभागाचा विकास वयानुरूप होतो, तर सात वर्षांनंतर रोपण झालेल्या बहुतेकांत तो तसा होत नाही. या काळात वापर न झालेल्या भागाचा ताबा अन्य संवेदना घेतात. त्यामुळे जन्मतः बहिऱ्या मुलाचे रोपण दहाव्या वर्षी उत्तम तऱ्हेने पार पडले, तरी त्याला दार वाजल्याचे कळेल, पण बोललेले वाक्य बहुधा कळणार नाही. अमेरिकेत किमान वयाची मर्यादा २००० मध्ये १२ महिन्यांवर व २०२० मध्ये ९ महिन्यांवर आणण्यात आली, ती याच कारणाने.

बधिर समाजातून या उपचारास झालेला विरोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. खुणांची भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली संपूर्ण भाषा आहे व बहिरेपण हा रोग नसून एका भाषिक समाजाचे लक्षण आहे, अशी या पक्षाची भूमिका आहे. अमेरिकेतील बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये बालकांवरील रोपणाचा निषेध केला होता. २००० मध्ये तिने आपली भूमिका सौम्य करून निवडीचा हक्क पालकांचा असल्याचे मान्य केले. रोपणाच्या आशेवर खुणांची भाषा न शिकविलेल्या व रोपणही यशस्वी न झालेल्या मुलाच्या वाट्याला कोणतीच भाषा येत नाही, हा त्यांचा मुद्दा मात्र आजही खरा आहे.

भारतातील स्थिती : भारतात बहुमार्गी रोपणे १९९० नंतरच्या दशकापासून होऊ लागली. मुंबईचे मिलिंद कीर्तने (पद्मश्री, २०१४) व चेन्नईचे मोहन कामेश्वरन (पद्मश्री, २००६) यांचा या क्षेत्राच्या विस्तारात मोठा वाटा आहे. उपकरण महाग असल्याने प्रारंभी ते मोजक्या कुटुंबांच्याच आवाक्यात होते. केंद्र शासनाच्या सहाय्यक साधने योजनेत २०१४ मध्ये रोपणाचा समावेश होऊन प्रत्येक उपकरणासाठी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची व वर्षाला ५०० बालकांना लाभ देण्याची तरतूद झाली. तिच्या कार्यवाहीचे काम मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेकडे सोपविण्यात आले. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू आहे. खरी अडचण शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर येते. घरी वा लहान प्रसूतिगृहात जन्मलेल्या बालकाची श्रवणचाचणी होत नाही. ‘उशिरा बोलेल’ म्हणून दोन-तीन वर्षे जातात आणि मोलाचा काळ हातचा निघून जातो. रोपणानंतर वाचा-प्रशिक्षणासाठी आठवड्यागणिक शहरात जाणे, विद्युत् घट व तारा बदलणे आणि काही वर्षांनी नवा वाक्-संस्कारक घेणे हा खर्च कुटुंबाला पेलला नाही, तर शस्त्रक्रियेचा लाभ अपुरा राहतो.

पुनर्जनन व जनुकोपचार : केशकोशिकांचा नाश कायमचा असतो, हा नियम सर्व पृष्ठवंशी प्राण्यांना लागू नाही. १९८७-८८ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी असे दाखविले की, मोठ्या आवाजाने वा औषधाने नष्ट झालेल्या केशकोशिका पक्ष्यांमध्ये पुन्हा निर्माण होतात. शेजारच्या आधार-कोशिका विभागतात वा रूपांतर पावतात व रिकाम्या जागा भरतात. सस्तन प्राण्यांतही आधार-कोशिका असतात, पण त्यांची ही क्षमता जन्मानंतर लवकरच लोपते. १९९९ मध्ये ॲटोह-१ हे जनुक केशकोशिकांच्या निर्मितीस आवश्यक असल्याचे दिसून आले. २००५ मध्ये बहिऱ्या केलेल्या गिनी पिगच्या कानात ते सोडल्यावर काही नव्या केशकोशिका व काही अंशी श्रवण परत आले. मानवात मात्र असे यश लाभले नाही. आधार-कोशिकांना चालना देणाऱ्या एका औषधाची बरीच गाजलेली चाचणी २०२३ मध्ये निष्फळ ठरली. कोशिका निर्माण होणे पुरेसे नाही. ती योग्य ओळीत, योग्य दिशेला रोम करून उभी राहिली पाहिजे व तिचा तंत्रिकेशी संयोग झाला पाहिजे.

जेथे केशकोशिका जिवंत आहेत पण त्यांतील एखादे प्रथिन सदोष आहे, तेथे यश लवकर आले. ओटोफर्लिन या प्रथिनाविना केशकोशिकेस ध्वनी कळतो, परंतु ती तंत्रिकेकडे रासायनिक संदेश सोडू शकत नाही. त्याच्या जनुकाचा शोध पॅरिस येथे क्रिस्तीन पती यांच्या गटाने १९९९ मध्ये लावला. हे जनुक वाहक विषाणूत मावत नाही इतके लांब आहे. म्हणून ते दोन तुकड्यांत विभागून दोन विषाणूंमार्फत अंतर्कर्णात सोडण्याची युक्ती योजण्यात आली. शांघाय येथील फूदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांच्या प्रत्येकी एका कानावर केलेल्या या उपचाराचे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पाच मुलांस ऐकू येऊ लागले. जन्मजात बहिरेपणाच्या एकूण रुग्णांत या दोषाचा वाटा थोडा आहे. कोशिकाच नष्ट झालेल्यांना या उपचाराचा उपयोग नाही.

अशा रुग्णांसाठी रोपण-उपकरणांतच सुधारणा चालू आहेत. जर्मनीतील गटिंगेन येथे टोबियास मोझर व सहकारी यांनी श्रवण तंत्रिकेच्या कोशिकांत प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक घालून त्या विद्युत् ऐवजी प्रकाशाने उद्दीपित केल्या व २०१८ मध्ये बहिऱ्या केलेल्या जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांत त्याचा प्रतिसाद मिळाल्याचे प्रसिद्ध केले. प्रकाश विद्युत् प्रवाहाप्रमाणे द्रवात पसरत नाही. त्यामुळे मार्गांची संख्या वाढविता येईल व स्वरांचे भेद कळू लागतील, अशी या प्रयोगांमागील अपेक्षा आहे. विद्युत् उद्दीपनावर चालणाऱ्या रोपणांची जगातील एकूण संख्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार १० लाखांवर गेली होती.